कितीले आणली?

पांढुर्णा-सौंसर पट्ट्यात वस्तू विकत घेणं सोपं आहे, ती घरापर्यंत नेणं अवघड. वाटेत भेटणारा प्रत्येक माणूस आधी एकच विचारतो, "कितीले आणली?" काय आणलं, कशासाठी आणलं, हे प्रश्न मागाहून येतात किंवा येतच नाहीत. एकदा मी गुडघ्याला पट्टा बांधून लंगडत येत होतो, तेव्हा समोरच्या किराणावाल्यानं गुडघ्याला काय झालं ते न विचारता पट्टा कितीचा ते विचारलं होतं. आणि तुम्ही कोणताही आकडा सांगा, पुढचं वाक्य ठरलेलं. "ठगवलं ना तुमाले! नागपुरात अर्ध्यात भेटते."

नागपूर सौंसरहून साठ-सत्तर किलोमीटर. तिथे सगळं अर्ध्यात मिळतं यावर आमच्याकडे सर्व जातिधर्मांचं आणि पक्षांचं एकमत आहे. जाण्यायेण्याचं भाडं, तिथे खाल्लेली पोहा-तर्री आणि बुडालेला दिवस या हिशेबात कोणी धरत नाही. उलट दिशेनं आमच्याकडून कन्हान नदी नागपूरकडे जाते आणि तिचं पाणी नागपूरकर पितात. ते त्यांना कितीले पडतं हे विचारायला मात्र आजवर कोणी गेलेलं नाही.

अशा मुलखात मी मासे धरायचा रॉड मागवला. तोही बाससाठी.

बास हा अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा. अंगानं बेताचा, तोंडानं अवाढव्य. त्याच्यामागे तिकडची लाखो माणसं वेडी आहेत. 1971 पासून त्याच्यासाठी 'बासमास्टर क्लासिक' नावाची स्पर्धा भरते. 1925 साली कोणी हौसेनं तो जपानच्या एका सरोवरात नेऊन सोडला, तर त्यानं पुढे तिथले मूळचे मासे असे खाल्ले की 2005 मध्ये जपान सरकारनं त्याला कायद्यानं उपद्रवी ठरवलं. एवढा फिरलेला मासा आमच्या कन्हानला मात्र आलेला नाही. जामला नाही, पेंचला नाही. आमच्याकडे कतला आहे, रोहू आहे, मृगळ, शिंगाळा, वाम, मरळ आहे. बास नाही.

तरी रॉडच्या जाहिरातीत बासच होता, जबडा उघडून. आणि त्याच्या जबड्याखाली 3,999 वर काट मारून 1,149 लिहिलं होतं. म्हणजे सरळ 2,850 रुपये वाचत होते. रॉड न घेता ते कसे वाचवायचे, हे मला सुचेना.

रॉड आला जूनच्या शेवटच्या आठवड्यात. मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते. 1972 च्या नियमांनी हा काळ माशांच्या प्रजननासाठी राखून ठेवला आहे आणि तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अकराशेच्या रॉडवर पाच हजार दंड म्हणजे माझे वाचवलेले 2,850 सुद्धा पुरे पडत नव्हते. नदीनाल्याशी संबंध नसलेल्या छोट्या तळ्यांना यातून सूट आहे. पण संबंध नाही हे सिद्ध कोण करणार? पावसाळ्यात आमच्या अंगणाचाही नदीनाल्याशी संबंध येतो.

त्यामुळे रॉडची सगळी परीक्षा जमिनीवर झाली. बासच्या रॉडची बासशिवाय, माशांशिवाय आणि पाण्याशिवाय घेतलेली परीक्षा जगात बहुधा फक्त आमच्या अंगणात झाली असेल. परीक्षक मात्र कमी पडले नाहीत.

खोक्यावर लिहिलं होतं: साडेसहा फूट, दोन तुकडे, मीडियम हेवी, फास्ट अ‍ॅक्शन, दोरी 10 ते 20 पौंड, ग्राफाइट कंपोझिट. शेजारचे बाबू तहसीलात आहेत. ते कागद दिसला की आधी वाचतात.

"मीडियम हेवी म्हंजे?"

"वाकवायला किती जोर लागतो, ते."

"आन् फास्ट?"

"फास्ट म्हणजे नुसता शेंड्याकडचा भाग वाकतो आणि ताण गेला की लगेच सरळ होतो. स्लो असला तर मुठीपर्यंत वाकतो."

बाबूंनी शेंडा हातानं दोनदा वाकवून पाहिला. "म्हंजे आमचे मोठे बाबू फास्ट. साहेब आला का वाकते, गाडी गेली का सरळ."

'ग्राफाइट कंपोझिट' या शब्दांवर मी स्वतः बराच अभ्यास केला होता. ग्राफाइटचा, म्हणजे कार्बनचा, रॉड हलका असतो, माशानं नुसतं तोंड लावलं तरी मुठीत कळतं. पण कुठे आपटला की खपलाच. काचतंतूचा रॉड वजनदार, जरा ठोंब्या, पण मार खाणारा. कंपोझिट म्हणजे दोन्हींची सरमिसळ, आणि किती काय घातलंय हे कंपनी सांगत नाही. स्वस्त रॉडमध्ये दोन्हींचे गुण निम्मे येतात आणि दोष अख्खे. हे मी मंडळींना समजावून सांगत असताना वीज खात्यातले लाइनमन कंपाउंडबाहेरून जात होते. 'कार्बन' हा शब्द ऐकून ते आत आले.

"कार्बन हाय याच्यात? मंग हे घेऊन इलेवन केव्हीच्या खाली जाऊ नका सर."

"एवढी काळजी घेताय, बरं वाटलं."

"तुमचं काई नाई. फीडर ट्रिप होते आन् लोक मले फोन करतेत."

त्यानंतर कापसाची परीक्षा. दोरी ज्या कड्यांमधून जाते त्या आतून गुळगुळीत हव्यात. खरबरीत असल्या तर दोरी घासून घासून ऐन वेळी तुटते. नखाला हा खरबरीतपणा कळत नाही. म्हणून प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवायचा. तंतू अडकला की कडी खराब. कापसाच्या मुलखात ही परीक्षा घ्यायला काहीच अडचण नव्हती. फक्त जुलैमध्ये कापूस शेतात वीतभर असतो आणि घरात एकाच ठिकाणी मिळतो. तिसऱ्या कडीत तंतू अडकला त्याच वेळी बायको सांजवात लावायला देवघरात गेली.

"अजी, देवाच्या वातीचा कापूस मासोया मारायच्या काठीत?"

अशा वेळी माणसानं इतिहासाचा आधार घ्यावा. मी तिला सोमेश्वर राजाचं सांगितलं. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं 1130 च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. शंभर अध्याय. राज्य कसं मिळवावं, ते कसं टिकवावं, हत्ती कसे पारखावे, इथपासून जेवणात काय काय असावं इथपर्यंत सगळं त्यात आहे. आणि त्याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' म्हणून एक प्रकरण आहे: मासे कोणकोणते, कोणाला कोणतं आमिष आवडतं, गळाची दोरी कशी करावी, काठी कशी असावी. गळ टाकण्याआधी माशांना तिथे खाऊ घालून सवय लावावी हेसुद्धा त्यात आहे. ज्याला लोक 'सर्वज्ञ' म्हणत तो राजा राज्यकारभार सोडून काठीची लांबीजाडी बघत बसत होता, तर माझ्यासारख्या मास्तराने एका कडीचा खरबरीतपणा बघितला यात काय बिघडलं?

बायकोनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं. "त्याच्या राणीनं काई लिहून ठेवलं का?" असं विचारलं आणि कापसाची डबी वरच्या फळीवर ठेवली.

बादलीचा प्रकार याच्या नंतरचा. बाबूंनी खोक्यावरचे वीस पौंड किलोत मोडले. नऊ किलो आले. त्यांनी आडाजवळची बादली अर्धी भरून आणली.

मी खूप समजावलं. ते वीस पौंड दोरीचे आहेत, रॉडचे नाहीत. रॉडनं वजन उचलायचं नसतं. मासा ओढतो तेव्हा रीळ थोडी थोडी दोरी सोडतं, मासा ओढून ओढून थकतो, मग त्याला ओढत काठाशी आणून जाळीत घ्यायचं. शिवाय पाण्यातल्या माशाला वजन असून नसल्यासारखंच असतं. हे ऐकताना सगळे माना हलवत होते आणि बादलीच्या कडीला दोरी बांधत होते. किराणावाला म्हणाला, "सर, नऊ लिवलं हाय तं नऊ उचलाले पाह्यजे. नाई तं कंपनीनं लिवलं कायले?"

रॉड वाकला. मग आणखी वाकला. फास्ट अ‍ॅक्शनचा मीडियम झाला, मीडियमचा स्लो झाला, बादली जमिनीपासून चार बोटं वर आली, सगळ्यांनी "अरे वा" म्हटलं आणि शेंड्याकडे 'टच्' असा आवाज झाला. टोकाची कडी बोटभर तुकडा घेऊन बादलीत पडली. निखळ ग्राफाइटचा असता तर मधूनच फुटला असता. काचतंतूनं लाज राखली. नंतर ती कडी तापवून तुकड्यातून सोडवली आणि गरम गोंद लावून नव्या टोकाला बसवली. दुरुस्ती झकास झाली, मी स्वतःच केली म्हणून नाही. मंडळींचा निकाल मात्र आधीच लागला होता: माल हलका आहे.

मग गळ फेकायचा सराव. यासाठी आकड्या काढलेलं आमिष वापरतात, ते मी वापरलं नाही. अंगणाच्या एका टोकाला परात ठेवायची आणि दुसऱ्या टोकाहून आमिष परातीत टाकायचं. परात सोडून बाकी सगळीकडे आमिष पडलं. तुळशीवर पडलं, स्कूटरच्या आरशावर पडलं, एकदा तर मागे गेलं. रिळावरची दोरी एकाएकी सैल सुटून तिचा असा गुंता व्हायचा की बायको लोकरीचं विणकाम करणाऱ्या बाईला बोलवू का म्हणायची. शेवटी एक फेक फार सुंदर गेली. कंपाउंडची भिंत ओलांडून बाबूंच्या वाळत घातलेल्या बनियनला लागली आणि बनियन घेऊन परत आली. त्या काळात माझ्या रॉडला लागलेली ती एकमेव शिकार. बाबू धावत आले. बनियनला भोक पडलं होतं.

"नवा होता सर!"

"कितीले आणला?" मी विचारलं.

"एकशे ऐंशीले."

पुढचं वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. शेजारधर्म म्हणून गिळलं.

खरं सांगायचं तर या दोन महिन्यांत माझं रॉडपेक्षा त्याच्या किमतीवर जास्त काम झालं. खरी किंमत मी फक्त शेजाऱ्यांना सांगितली होती आणि त्यांचा तिच्यावर विश्वास बसला नव्हता. बायकोला साडेतीनशे सांगितले. घरात साडेतीनशेच्या आतल्या वस्तूची चौकशी होत नाही आणि पाचशेच्या वरच्या वस्तूची मिटत नाही, हा अनुभव. सासऱ्यांना सांगितलं की एका मित्रानं भेट दिला, कारण जावई कमावता आहे यापेक्षा उधळ्या नाही हे त्यांना जास्त महत्त्वाचं वाटतं. आणि साळ्याला सांगितले बत्तीसशे.

साळ्याचं असं आहे की तो पांढुर्ण्याचा. आम्ही सौंसरचे. आधी दोघंही छिंदवाडा जिल्ह्यात होतो, तोवर बरोबरीनं बोलायचो. 5 ऑक्टोबर 2023 ला पांढुर्णा जिल्हा झाला, त्याच्यात पांढुर्णा आणि सौंसर असे दोन तालुके आले, आणि तेव्हापासून साळा मुख्यालयातून बोलतो. "भाऊजी, कलेक्टर ऑफिसात काई काम असन तं सांगा" असं म्हणताना कलेक्टर त्याच्या ओसरीवर बसलाय असं वाटतं. अशा माणसाला अकराशेचा रॉड दाखवणं शक्यच नव्हतं.

पंधरा ऑगस्ट गेला. सरकारची बंदी उठली. घरची उठली नाही. श्रावण चालू होता.

मासे धरणाऱ्याला आमच्याकडे दोन पंचांगं सांभाळावी लागतात. मत्स्यखात्याचं त्यातल्या त्यात सोपं, त्यात दोनच तारखा. घरचं बघा. श्रावण पोळ्याला संपतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कर, त्या दिवशी सामिष चालतं, पण ते दुसऱ्यानं मारलेलं. लगेच गणपती. मग पितृपक्ष. मग नवरात्र. दसऱ्यानंतर जरा श्वास घ्यावा तर कार्तिक. यातून जे दिवस उरतील त्यातला सोमवार शंकराचा, मंगळवार आणि शनिवार जामसावळीच्या मारुतीचा, गुरुवार गजानन महाराजांचा, शुक्रवारी सासूबाईंचा उपास. जामसावळीचा मारुती आडवा पहुडलेला आहे, तोही आपल्या अगदी शेजारी. त्याला सगळं दिसतं, असं बायकोचं म्हणणं. राहिले बुधवार आणि रविवार. बुधवारी शाळा. अमेरिकेत बासचे मासे एवढे का माजलेत याचं कोडं मला नव्हतं, आमच्याकडचे का माजले नाहीत याचं होतं.

पोळ्याला आम्ही पांढुर्ण्याला सासरी गेलो. रॉड बरोबर नेला, कारण कर आणि गणपती यांच्यामधल्या फटीत एक रविवार सापडला होता. बैल सजून, फिरून, पूजा होऊन गोठ्यात गेले होते. ओसरीवर पुरुषमंडळी जेवायची वाट बघत दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीवर बोलत होती. जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवून अलीकडून पांढुर्णा आणि पलीकडून सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात, ती गोटमार. मागे एकदा प्रशासनानं दगडांच्या जागी रबरी चेंडू देऊन पाहिले होते. ते चालले नाहीत. ओसरीवरच्या एका म्हाताऱ्याचं मत असं पडलं की चेंडूले पैसे लागतेत, गोटा फुकट हाय.

साळ्यानं रॉडचे दोन तुकडे जोडले, हवेत सपकन फिरवला आणि जमलेल्यांना दाखवला.

"बत्तीसशेची हाय. हातात घेतल्याबरोबर समजते मानसाले."

सगळ्यांनी हातात घेऊन पाहिला. सगळ्यांना समजलं. एकानं तर मुठीचा फोम दाबून "इम्पोर्टेड" असंही म्हटलं. तिसऱ्या कडीतला खरबरीतपणा आणि गोंदानं बसवलेलं टोक कोणालाच दिसलं नाही. बत्तीसशेच्या वस्तूत दोष दिसत नाहीत, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. अंगणातले परीक्षक अकराशे ऐकून आले होते, त्यांना पहिल्या मिनिटाला सगळं दिसलं होतं.

"भाऊजी, तुमाले एवढा टाइम कुठी भेटते? मले देऊन टाका. दोन हजार देतो."

मी नको म्हटलं. नको म्हणताना जितका वेळ घ्यायचा असतो तितका घेतला. साळ्यानं पाकीट काढलं, पाचशेच्या चार नोटा मोजल्या आणि माझ्या मांडीवर ठेवल्या. आठशे एक्कावन्न रुपये नफा, शिवाय बोटभर रॉड कमी. मी हात पुढे केला तेवढ्यात बायको पुरणपोळीचं ताट घेऊन ओसरीवर आली.

"कायचे पैसे हे?"

"काठीचे," साळा म्हणाला. "बत्तीसशेची भाऊजीनं दोन हजारात देली."

"बत्तीसशे? अरे बावा, साडेतीनशेची हाय ते!"

लग्नाला कितीही वर्षं होवोत, भावाच्या खिशाचा प्रश्न आला की बाई माहेरची असते. ओसरी गप्प झाली. साळा माझ्याकडे बघत होता, बायको माझ्याकडे बघत होती, आणि कोपऱ्यात सुपारी कातरत बसलेले सासरे कोणाकडेही न बघता म्हणाले, "मले तं जवाईबापूनं भेट भेटली म्हनून सांगतलं होतं."

सासरे निवृत्त पटवारी. आयुष्यभर एका बांधाबद्दल तीन जबाब ऐकत आलेले. ते अजिबात रागावले नाहीत. सुपारी तोंडात टाकून त्यांनी हिशेब मांडला.

"भेट म्हंजे शून्य. शून्य, साडेतीनशे आन् बत्तीसशे. पस्तीसशे पन्नास. भागिले तीन." क्षणभर डोळे मिटले. "अकराशे त्र्याऐंशी. याच्याच आसपास असन."

"अकराशे एकोणपन्नास, मामाजी!" माझ्या तोंडून निघून गेलं.

मी त्या रॉडबद्दल सासरी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य आणि त्यावर एकाचाही विश्वास बसला नाही. बायकोनं साडेतीनशेच धरून ठेवले. बाकीच्यांनी आता मी आकडा अडचणीतून काढतोय असं ठरवलं. साळ्यानं चारही नोटा उचलून पाकिटात घातल्या.

"अकराशेचीबी असली तं ठगवलं भाऊजी तुमाले. नागपुरात सहाशेले भेटते."

रविवारी तो माझ्याबरोबर आला तो मात्र स्वतःहून. कन्हानला पाणी गढूळ आणि जोरात होतं, म्हणून नदी सोडून एका तलावावर गेलो. आमच्याकडचे तलाव मत्स्य समित्यांना पट्ट्यानं दिलेले असतात; तिथे गळ टाकायचा तर त्यांना विचारावं लागतं. समितीचे भोई काका ट्यूबवर बसून जाळं गोळा करत होते. काठावर येऊन त्यांनी रॉड पाहिला, रीळ फिरवून पाहिलं.

"टाका ना, कोन नाई म्हंते. गळानं मासोया धरनं म्हंजे चमच्यानं हीर उपसनं. तलाव काई रिकामा होत नाई."

बास नव्हता, पण त्याचा स्वभाव आमच्याकडे एका माशानं उचललेला आहे. मरळ. तीही शेवाळात, कमळाच्या पानांखाली दबा धरून असते, वरून काही गेलं की झडप घालते. तिला वरच्या हवेत श्वास घेता येतो. म्हणून बाजारात पाटीतल्या चार बोटं पाण्यातही ती तासन्‌तास जिवंत असते. पिल्लांचा तांबूस पुंजका पाण्यावर आला की आईबाप दोघं खाली पहारा देतात, आणि अशा जोडीला हात लावू नये असा जाणत्यांचा नियम आहे. बाससाठी बनवलेला रबरी बेडूक मरळीला फार आवडतो. म्हणजे रॉड चुकीच्या माशासाठी आणि बरोबर तलावासाठी होता. हे लक्षात आल्यावर मला खोक्यावरच्या बासबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली.

माझी तिसरी की चौथी फेक पानांच्या कडेला नेमकी पडली. बेडूक टुणटुणत आला आणि पाणी फाटल्यासारखा आवाज झाला. बेडूक गायब.

अशा वेळी लगेच झटका द्यायचा नसतो. मरळीला बेडूक तोंडात नीट घेऊ द्यायचा, मनात एक-दोन म्हणायचं आणि मग ओढायचं. हे मी शिकलो होतो, वाचलं होतं, वर्गात मुलांना सांगावं तसं वाटेत साळ्यालाही सांगितलं होतं. साळ्यानं "ओढा!" म्हणून ओरडत माझ्या हातावर हात ठेवून दोघांच्या ताकदीनं झटका दिला. बेडूक पाण्यातून सुटून आमच्या डोक्यावरून मागे बाभळीत गेला. मरळ गेली. टोकाची कडी मात्र जागेवर राहिली. त्या गोंदाला मी मनापासून मानतो.

बाभळीतून बेडूक काढेपर्यंत भोई काकांनी पाटी उघडली होती. आत दीड किलोची एक मरळ होती, टुकुटुकु बघत.

"फोटो काढाचा असन तं घ्या. किलोनं घेसान तं भाव येगळा. नुसता फोटो पन्नास रुपये."

"पन्नास?" साळा म्हणाला. "पांढुर्ण्यात वीसात काढून देतेत!"

"मंग पांढुर्ण्याले जा," काका म्हणाले आणि पाटी झाकू लागले. साळ्यानं चाळीसवर तोडलं आणि कडेवर पोर घ्यावं तशी मरळ घेतली. रॉड माझ्या हातातून काढून स्वतःच्या खांद्यावर ठेवला.

जगातला सगळ्यात मोठा बास 1932 साली जॉर्जियात एका गरीब शेतकऱ्याला मिळाला. जॉर्ज पेरी नाव. 22 पौंड 4 औंस, म्हणजे दहा किलोच्या वर. दोघा मित्रांत एकच साधा स्वस्त रॉड आणि एकच खोटा मासा होता असं सांगतात. वजन करून झालं आणि घरच्यांनी तो खाऊन टाकला. पुढे 2009 मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याच्याहून औंसभरही जास्त नसलेला बास धरला. विक्रम मोडायला दोन औंस जास्त लागतात, म्हणून दोघांची बरोबरी धरली गेली. आणि त्या बिचाऱ्याला खरं बोलतोय का हे बघायला खोटं पकडायच्या यंत्रासमोर बसवलं होतं. तो त्यात पास झाला. गळवाल्यांच्या जगात पास झालेला तो एकच माणूस मला माहीत आहे. साळ्याचा फोटो संध्याकाळपर्यंत जिल्हाभर फिरला. खाली त्यानं लिहिलं होतं, 'अडीच किलो, पहिल्याच झटक्यात.' ते यंत्र पांढुर्णा जिल्ह्यात अजून आलेलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी कंपनीकडून एका मुलीचा फोन आला.

"सर, आपने जो बास फिशिंग रॉड लिया था, उसका फीडबैक चाहिए था. बास मिली?"

"नहीं. हमारे यहाँ बास होती ही नहीं."

ती थोडा वेळ थांबली. "तो सर, इसमें रॉड का कोई प्रॉब्लम तो नहीं है?"

"नहीं, रॉड का नहीं है."

"एक से पाँच में कितने स्टार देंगे?"

मी विचार केला. मूठ हाताला बरी बसते. सांधा घट्ट आहे, फेकताना सुटत नाही. तिसरी कडी खरबरीत. टोकाचा दोष बादलीचा, कंपनीचा नाही. शिकाऊ माणसाला आणि मरळीला हा रॉड पुरतो. "साडेतीन," मी म्हणालो.

"आधा नहीं होता सर."

मी चार म्हटलं. ती खूश झाली आणि म्हणाली, सर, जुन्या ग्राहकांसाठी एक ऑफर आहे, याच रॉडचा सात फुटी, सिर्फ आठ सौ निन्यानवे में. माझ्या पोटात कालवलं. अडीचशे रुपये गेले, आणि अर्धा फूटही. फोन स्पीकरवर नव्हता. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली होती.

"कोन हाय? काय म्हनते?"

"रॉडवाले. दुसरा घेता का विचारतात."

"कितीले?"

"साडेतीनशेले," मी म्हणालो.

"मंग दोन सांगा," ती म्हणाली. "एक माह्या भावासाठी."